हिटर पेटत नव्हता, त्याची गोष्ट

मात्सुमोतो, जपान
१४ डिसेंबर

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही सारखं "पिन मारलीस का, पिन?" असं विचारत होता आणि मी इकडून ओरडून सांगत होतो ते तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून सगळं लिहूनच कळवतो. वहिनी मोठ्याने वाचून दाखवतील.

तात्या, माझा हा रॉकेलचा हिटर म्हणजे पंपाचा स्टोव्ह नाही, वातीचा आहे. तुमच्या दुकानात दुरुस्तीला यायचे त्या वातीच्या स्टोव्हमधल्या सगळ्या सुट्या वाती काढून त्यांच्या जागी एकच रुंद, गोल वात बसवली, असं समजा. वातीवर जाळीचं नळकांडं असतं. ते तापून लाल झालं की मागचा चकचकीत पत्रा ऊब समोर फेकतो. बटण फिरवलं की वात वर येते, आणि सेलवर तापणारी तारेची बारीकशी वेटोळी तिला पेटवते. म्हणजे पिन नाही, पंप नाही आणि वायसरही नाही.

घरमालकीणबाईंनी तो शेडमधून काढून दिला, सोबत गेल्या हिवाळ्यातलं अर्धा कॅन रॉकेल. इथे जानेवारीत रात्री पारा उणे ५ च्या आसपास जातो, त्यामुळे हिटरशिवाय भागत नाही. पण हा काही केल्या पेटेना. शेजारचे म्हणाले, टाका आणि नवा घ्या. इथल्या लोकांचं हे एक मला पटत नाही. वस्तू उघडून बघायच्या आधीच टाकायला निघतात.

आधी सेल बदलले. खोलीत अंधार करून नळकांड्याच्या बुडाशी डोकावलो, तर तार छान लाल होत होती. म्हणजे खोट तिथे नव्हती. मग भूकंपाची कळ पाहिली. इथल्या प्रत्येक हिटरच्या पोटात एक वजन असतं. जमीन हलली किंवा हिटरला धक्का बसला की ते सरकतं, कळ सुटते आणि वात खटकन खाली पडून आग विझते. कळ सुटलेली असली तर बटण पूर्ण फिरवून वात परत चढवावी लागते, नाहीतर ती वर टिकतच नाही. पण आमची वात वर व्यवस्थित टिकत होती.

शेवटी नळकांडं उचलून काडी लावली. एका अंगाला पिवळी ज्योत धरली, तडतडली, काळा धूर आला आणि विझली. ते तडतडणं ऐकलं आणि तुमचंच वाक्य आठवलं, "रॉकेलात पाणी आहे." मग हिटरच्या पोटातलं सगळं रॉकेल हातपंपाने काचेच्या बरणीत उपसून घेतलं. बरणी उजेडात धरली तर तळाशी पाण्याचे टपोरे थेंब वेगळे दिसत होते, जरा हलवलं की इकडून तिकडे घरंगळत होते. अर्धा रिकामा कॅन शेडमध्ये पडून राहिला की गरम-गार होऊन आत दव धरतं, ते हेच पाणी. शिवाय इथलं रॉकेल पाण्यासारखं नितळ असतं, आपल्या रेशनच्या रॉकेलासारखा निळा रंग त्यात घालत नाहीत. हे मात्र पिवळट पडलं होतं आणि आंबूस वास मारत होतं. उन्हाने आणि उष्णतेने रॉकेल असं खराब होतं, म्हणून गेल्या हंगामातलं वापरू नका असं इथे हिटरसोबतच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. नाल्यात ओतायला अर्थातच बंदी. जिथे रॉकेल विकतात त्याच पेट्रोल पंपावर नेऊन दिलं, त्यांनी ठेवून घेतलं.

पाणी प्यायलेली वात रॉकेल ओढत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार! हिटर कोरडा करून, वात वर चढवून तसाच ठेवून दिला. पूर्ण वाळल्यावर थोडं नवं रॉकेल घालून पोट खळबळून काढलं आणि मग टाकी भरली. भरल्या भरल्या पेटवायची घाई केली नाही, चांगला अर्धा तास वात भिजू दिली. मग बटण फिरवलं तर पहिल्या झटक्यात पेटला. नळकांडं जरा वाकडं बसलं होतं, त्यामुळे एका बाजूने पिवळी जीभ वर यायची. मूठ धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर ते बुडावर बरोबर बसलं आणि ज्योत एकसारखी झाली.

वातीची कड मात्र डांबर चढून कडक झाली आहे. तुम्ही म्हणाल, कातर घे आणि सरळ काप. तेवढं इथे चालत नाही. वरचा भाग काचेच्या धाग्यांचा असतो, आपल्या सुती वातीसारखा कापता येत नाही. त्याऐवजी टाकी संपत आली की हिटर बाहेर ओट्यावर न्यायचा, वात पूर्ण वर ठेवून आपोआप विझेपर्यंत जळू द्यायचा. डांबर जळून जातं, उरलेली राख जुन्या दात घासायच्या ब्रशने हलकेच झाडायची. वास फार सुटतो, म्हणून घरात हे करायचं नाही. एवढं करूनही कड मऊ झाली नाही तर नवी वात आणीन. ती त्या-त्या मॉडेलचीच लागते, दुसरी बसत नाही.

आईला सांगा, काळजी करू नकोस. तासातून एक-दोनदा खिडकी उघडतो, झोपताना हिटर विझवतोच आणि विषारी वायूचा भोंगाही भिंतीला लावला आहे. पेट्रोल पंपावर पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही मिळतं, पण प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल द्यायला इथे कायद्याने बंदी आहे. तरी नवीन कॅन आणला की बोटाला थेंब लावून बघतो. लगेच उडून गेलं तर पेट्रोल, बोट तेलकट राहिलं तर रॉकेल.

नवी वात बसवायची झाली तर रविवारी व्हिडिओ कॉल लावीन. माझे रात्रीचे ९ म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेपाच. चष्मा जवळ ठेवा, आणि वहिनींना सांगून कानातलं यंत्र चार्ज करून ठेवा.

तुमचा,
बाळू