अण्णा, तुमच्यामुळे खुनी कोण ते कळलं

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही आणि दुकानात आलं की हातातलं काम खाली ठेवत नाही. म्हणून मनातलं सगळं पत्रात लिहिते आहे. तुमचा नातू वाचून दाखवेल. पत्र सगळ्यांसमोर लिहिण्याचं कारण असं, की पेठेतल्या बोळात, कोर्टाच्या फायली आणि सोसायट्यांची रजिस्टरं बांधणाऱ्या दुकानात तुम्ही आमच्यासाठी काय करून ठेवलंत, ते कोल्हापुरातल्या वाचणाऱ्या माणसांना कळायला हवं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी केव्हाच मागे टाकली आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत आमच्या तळमजल्यावर ते खिडकीपर्यंत होतं. गाद्या, फ्रीज, धान्य यांचं दुःख सगळ्या गल्लीला सारखंच होतं. पण वडिलांचं लोखंडी कपाट आडवं पडलेलं दिसलं आणि माझे हातपाय गळाले. त्यात त्यांनी जन्मभर जमवलेल्या रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा होत्या. मदतीला आलेले नातेवाईक आपुलकीनंच म्हणाले, "बरं झालं, तेवढाच पसारा कमी झाला. ग्रंथ थोडेच होते ते?"

तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते.

ही पुस्तकं टिकावीत म्हणून कुणी छापलीच नव्हती. न्यूजप्रिंटसारखा स्वस्त कागद, बाजूनं ठोकलेल्या दोन तारेच्या पिना, वर रंगीत कव्हर. कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, तसंच राहिलेलं, म्हणून हवा आणि उजेड लागला की पान पिवळं पडतं, मग तपकिरी, मग दुमडलं की तुकडा हातात. खाजगी वाचनालयातून पुस्तक भाड्यानं न्यायचं, रात्रीत संपवायचं, सकाळी परत करून पुढचं घ्यायचं, असा त्यांचा प्रवास. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं ज्या घरांत दुसरं एकही पुस्तक नव्हतं त्या घरांतही माहीत होती. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांसाठी कॉलेजातली पोरं नंबर लावत. नारायण धारपांच्या भयकथांतला समर्थ वाचून आमच्या आत्या रात्री मोरीकडे एकट्या जात नसत. महाराष्ट्राला वाचायची सवय लावण्यात या लेखकांचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यांचीच पुस्तकं सगळ्यात आधी रद्दीत जातात. फाटलं की वाचनालय काढून टाकतं, माणूस गेला की घरचे काढून टाकतात. कुणाच्या तरी कपाटात उरलेली प्रत हीच शेवटची प्रत असू शकते.

विज्ञानकथेचं तर आपल्या गावाशी नातंच आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आपली आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं, म्हणजे परीक्षकांनी शास्त्रज्ञाकडे बघून मार्क द्यायला नकोत. पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. वडील ही गोष्ट इतक्या अभिमानानं सांगायचे, जणू परीक्षक मंडळात तेच बसले होते.

तर असं ते कपाट. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं आणि मी भिजलेल्या पुस्तकांची एक पाटी घेऊन तुमच्याकडे आले. तुमच्या दुकानातही पाणी येऊन गेलं होतं, तुम्ही स्वतः फळीवर बसून झाडलोट करत होता. वाटलं, आता हाकलणार. तुम्ही वरचं पुस्तक उचललंत, कण्यावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "वाळवाय घातलं न्हाई न्हवं अजून? मग हाय जीव."

पुढची दहा मिनिटं तुम्ही जे सांगितलंत, ते मी घरी जाऊन शब्दाला शब्द पाळलं. इथंही लिहून ठेवते, पुढच्या पुरात कुणाच्या तरी उपयोगाला येईल. गाळ पुस्तकावर वाळू द्यायचा नाही. पुस्तक घट्ट मिटून धरायचं आणि स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात हलक्या हातानं खळबळायचं. भिजलेलं पुन्हा भिजवायचं म्हणताना मला धस्स झालं, पण गाळ एकदा तंतूंत वाळला की तो पान घेऊनच सुटतो, हे नंतर डोळ्यांनी बघितलं. मग उन्हात घालायचं नाही, सावलीत, पंख्याखाली. दर काही पानांमागे कोरा कागद घालायचा आणि ओला झाला की बदलायचा. वर्तमानपत्र घालायचं नाही, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. पिना आधी काढायच्या, कारण गंज पानातून आरपार जातो. गुळगुळीत कागदाची कव्हरं पहिल्यांदा सोडवायची, ती एकमेकांना चिकटली की परमेश्वर आला तरी सुटत नाहीत. आणि दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे झोप विसरायची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, दोरीवर, पलंगावर, जिन्याच्या पायऱ्यांवर नुसती पानं होती. आई त्यांच्यातून पाय उचलून चालायची आणि चालता चालता एखादं पान उभ्यानं वाचत थांबायची.

सगळी पुस्तकं तगली नाहीत. जी तगली ती सुट्या पानांच्या गठ्ठ्यांत तुमच्याकडे आली, आणि खरं काम तिथून पुढे सुरू झालं. पानांच्या कडा गाळानं खाल्ल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी पृष्ठांकच नव्हते. आता पानं लावायची कशी? तुम्ही पानाचं शेवटचं वाक्य वाचायचात आणि ते पुरं करणारं पान गठ्ठ्यातून शोधायचात. 'मी वाचत न्हाई, नुसती लावतो,' असं तुम्ही म्हणत होता. पण एकदा मी दुसरंच काही विचारायला फोन केला, तर तुम्हीच विचारलंत, "त्या डाक्टरचं फुडं काय हुतंय?" मी इतकी हसले, अण्णा! आणि मग आपल्या दोघांच्या लक्षात आलं, की त्या पुस्तकाची शेवटची पानं गठ्ठ्यात नाहीतच.

रहस्यकथेचं शेवटचं पान जाणं म्हणजे काय, ते असली पुस्तकं वाचणाऱ्यालाच कळेल. कादंबरीचा शेवट नसला तरी माणसं, भाषा, वातावरण हाताशी राहतं. रहस्यकथेत सगळी वाट त्या दारापर्यंत जाते. बंद खोली, थांबलेलं घड्याळ, खोटं बोलणारी मोलकरीण, सगळ्याचा अर्थ शेवटच्या चार पानांत. आणि नेमकी तीच पानं सगळ्यात बाहेर असल्यानं सगळ्यात आधी झिजतात, सुटतात. ते पुस्तक वडिलांनी माझ्या हातात पहिल्यांदा दिलं तेव्हा मी शाळेत होते. खुनी कोण हे मी विसरून गेले होते. त्यांना विचारायची सोय आता नाही.

तुम्ही काही बोलला नाहीत. पावसाळा गेला, दसरा झाला. एक दिवस तुमचा निरोप आला. दुकानाच्या माळ्यावर तुमचं एक पोतं आहे, हे तेव्हा कळलं. वाचनालयांची बांधणीची कामं करताना जी पुस्तकं दुरुस्तीच्या पलीकडची म्हणून लोक तिथंच टाकून जायचे, त्यांची पानं तुम्ही त्या पोत्यात ठेवत आलात. 'कशाला ठेवली ठाऊक न्हाई, टाकवंना,' एवढंच तुमचं स्पष्टीकरण. त्या पोत्यातून तुम्ही ती चार पानं शोधून काढली होती. कुठल्यातरी वाचनालयाचा पुसट जांभळा शिक्का, वर कुणीतरी पेन्सिलीनं केलेली बेरीज. आमच्या पानांपेक्षा ती थोडी जास्त तपकिरी, पण टाइप तोच, ओळ तीच. तुम्ही ती तुमच्या त्या पातळ, पारदर्शक कागदाच्या पट्टीनं जोडलीत. सेलोटेपचं नाव काढलं तर तुम्हाला राग येतो, हेही तेव्हाच कळलं. काही वर्षांत त्याचा डिंक तेलकट होऊन अक्षरं खातो म्हणालात.

पुस्तकाचं नाव इथं लिहीत नाही. कुणाला पुढंमागं मिळालं तर शेवट फुटायला नको. डॉक्टर नव्हता, एवढं मात्र तुम्हाला आणि मला माहीत आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट तुम्ही केलीत. तिसऱ्या प्रकरणाच्या समासात जुन्या कुठल्यातरी वाचकानं खुन्याचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. दुसऱ्यानं खोडलं असतं. तुम्ही त्यावर बोटभर कागदाची झडप लावलीत, एकाच कडेला खळ लावून. वाचून झाल्यावर उचलून बघता येते. तो वाचकही पुस्तकात राहिला आणि पुढच्या वाचकाची मजाही राहिली. त्या झडपेसाठी मी तुमची किती ऋणी आहे, ते मला नीट सांगता येणार नाही.

बांधणीबद्दल तर काय लिहू? पिना पुन्हा मारल्या नाहीत. पानं जुजात, म्हणजे थोड्या थोड्या पानांच्या जुड्यांत, घेऊन दोऱ्यानं शिवलीत. खळीत मोरचूद घातलंत, कसर लागू नये म्हणून. मूळ रंगीत कव्हर फेकून न देता आत पहिल्या पानाआधी चिकटवलंत. बाइंडर हमखास फाडतात ती पाठीमागची जाहिरातीची पानंही ठेवलीत. त्या जाहिरातींचं मोल मला अलीकडे कळू लागलं आहे. पुढच्या महिन्यात येणाऱ्या पुस्तकांची नावं, मालिकेतले क्रमांक, किमती. काही पुस्तकांचा पुरावा म्हणून तेवढी एक ओळच शिल्लक असेल. आता धारप आणि शिरवळकर नव्या आवृत्त्यांत मिळतात, छान कागदावर, आणि मी त्या आनंदानं विकत घेते. पण जुन्या पुस्तकाचं कव्हर, जाहिरात, शिक्का, समासातली भांडणं या सगळ्यातून तेव्हाचा वाचक दिसतो. नव्या आवृत्तीत तो येत नाही.

आणि पैसे. मला भीती होती की तुम्ही दया दाखवाल. तुम्ही बिल दिलंत, त्यात वकिलांच्या निकालांच्या खंडांना जो दर तोच दर, तेच कापड, कण्यावर तशीच सोनेरी अक्षरं. 'पुस्तक म्हंजे पुस्तक. आत काय हाय त्यावर शिलाई बदलत न्हाई.' अण्णा, लहानपणापासून 'असलं काय वाचतेस' ऐकत आले. शिक्षकांनी दप्तरातून काढून घेतलं, पाहुण्यांसमोर आईनं उशीखाली सरकवलं. भुताची, खुनाची पुस्तकं वाचणाऱ्या बाईकडे लोक अजून जरा वेगळ्या नजरेनं बघतात. ते बिल मी जपून ठेवलं आहे.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली, तेव्हा आमची पुस्तकं वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांवर होती. मुसळधार पावसात, वीज नसताना, मेणबत्तीच्या उजेडात मी समर्थाची एक कथा भाचीला मोठ्यानं वाचून दाखवली. ती पांघरुणात शिरली, पण 'थांब' म्हणाली नाही. आता ती स्वतः वाचते, आणि खुनी ओळखला की पुस्तक मिटून मला चिठ्ठीवर नाव लिहून देते. बरोबर असतं बऱ्याचदा.

तिला तुमच्याकडून शिलाई शिकायची आहे. तुम्ही 'सुट्टीत पाठवा' म्हणालात, ते तिनं मनावर घेतलं आहे. मे महिन्यात येईल. सुई-दोरा तिचा ती आणेल, पोत्यातली पानं लावायला तिला बसवा. वाक्य अर्धं सोडून उठणारी पोर नाही ती.

प्रकृतीला जपा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं टाळू नका, मी सोबत येईन.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
शाहूपुरीतली वाचक

ता.क. : हे पत्र वाचणाऱ्या कोल्हापूरकरांना एक विनंती. तुमच्याकडे मागचापुढचा भाग नसलेली, कव्हर गेलेली जुनी रहस्यकथा किंवा भयकथा असेल, 'नवल' मासिकाचा फाटका अंक असेल, तर रद्दीवाल्याला देऊ नका. आपल्या जवळच्या बाइंडरला विचारून बघा, त्याच्याही माळ्यावर एखादं पोतं असेल. आणि झुंजारच्या एका पुस्तकाची पहिली सोळा पानं आम्ही अजून शोधतो आहोत.