जिम्नॅस्टिक्सच्या गाद्या कोण तपासणार?

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागल्या आहेत, म्हणून हे पत्र. जिम्नॅस्टिक्समध्ये बऱ्याच दुखापती उडी संपवून जमिनीवर उतरताना होतात. आमच्या भागातल्या एका वर्गात मात्र गाद्यांचा फोम दबून पार पापड झाला आहे. दोन गाद्यांमधली फट एवढी, की मुलीचा पाय सहज अडकावा. पाय मुरगळला तर चिकटपट्टी लावून पुन्हा रांगेत उभे करतात!

भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलासारख्या साधनावरून मारायची उडी) चौथी आली. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्याच्या अस्थिबंधावर (लिगामेंटवर) शस्त्रक्रिया करावी लागली. इतक्या मुरलेल्या खेळाडूची ही गत, तर आठ-नऊ वर्षांच्या पोरांचे काय? या वयात मनगटाच्या हाडांची टोके अजून वाढत असतात. हातांवर उभे राहिल्यावर मनगट रोज दुखत असेल, तर तो आळस किंवा नाटक नव्हे. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवायलाच हवे. गुडघे किंचित वाकवून दोन्ही पायांवर उतरायला आधी शिकवा, हवेतल्या कोलांट्या नंतर.

शाळांनी आणि पालिकेने आपली सभागृहे शिबिरांना देण्यापूर्वी गाद्या तपासाव्यात. प्रशिक्षकाला प्रथमोपचार येतात का, हेही विचारावे.

– एक पालक, ठाणे