पॅरलल म्हणून विकलेले क्लस्टर्ड स्टोरेज: बदलून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या संगणन केंद्रासाठी आपल्याकडून घेतलेल्या स्टोरेजबाबत ही लेखी तक्रार आहे. आपल्या कोटेशनमध्ये आणि आमच्या खरेदी आदेशात ‘पॅरलल फाइल सिस्टिम’ असे स्पष्ट लिहिले आहे. बसवून दिले आहे ते क्लस्टर्ड एनएएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या अनेक सर्व्हरचा गट. दोन्हींत बरेच नोड (सर्व्हर) असतात, दोन्हींत एकच नेमस्पेस (सगळ्या फाइलींची एकच रचना) दिसते, म्हणून दोन्ही एकच, हे आपल्या इंजिनिअरचे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

लस्टर किंवा आयबीएमची जीपीएफएस अशा पॅरलल फाइल सिस्टिममध्ये एकाच फाइलचे तुकडे अनेक सर्व्हरवर पसरलेले असतात. कोणता तुकडा कुठे आहे हे क्लायंटला (फाइल वापरणाऱ्या संगणकाला) माहीत असते आणि तो त्या सगळ्या सर्व्हरशी एकाच वेळी थेट बोलतो. आपल्या यंत्रणेत क्लायंट एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या प्रोटोकॉलने) एकाच नोडला जोडला जातो. डेटा मागे कुठेही असो, तो त्या एकाच नोडच्या दारातून येतो.

परिणाम आपल्याच डॅशबोर्डवर दिसतो. एका कॉम्प्युट नोडवरून (गणन चालवणाऱ्या सर्व्हरवरून) मोठी फाइल वाचायला घेतली की स्टोरेजचा एक पोर्ट पूर्ण भरतो आणि बाकीचे जवळपास शून्यावर असतात. पोर्ट १० गिगाबिटचा, म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला १.२५ जीबीच्या वर जाणे शक्य नाही. कॉम्प्युट नोडला १०० गिगाबिटचे कार्ड असून उपयोग काय?

आपल्या सपोर्टने आधी एनएफएसचा ‘एनकनेक्ट’ हा पर्याय लावायला सांगितले. त्याने टीसीपी जोडण्या वाढतात, पण जातात त्याच नोडकडे. मग आणखी नोड विकत घ्या म्हणून सांगितले. त्याने एकूण क्षमता वाढेल, एका क्लायंटचा वेग आहे तिथेच राहील. आमची खरी अडचण चेकपॉइंटची, म्हणजे चालू गणनाची स्थिती मधूनमधून फाइलमध्ये जतन करण्याची आहे. शेकडो प्रोसेस एकाच फाइलच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी लिहितात. एनएफएस क्लायंटचे कॅशिंग (डेटा तात्पुरता स्वतःजवळ ठेवणे) अशा लिखाणासाठी केलेलेच नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडेपर्यंत दुसऱ्याचे लिखाण दिसेल याची खात्री नसते. इथे प्रश्न नुसत्या वेगाचा नाही, निकाल बरोबर असण्याचा आहे. महिनोन् महिने चालणाऱ्या संशोधनाचा डेटा आम्ही अशा भरवशावर ठेवू शकत नाही.

होम डिरेक्टरी, ऑफिसच्या फाइली, स्नॅपशॉट यांसाठी हीच यंत्रणा उत्तम आहे. आम्ही ती त्यासाठी मागितली नव्हती.

तरी खरेदी आदेशाप्रमाणे खरी पॅरलल फाइल सिस्टिम बसवून द्यावी. एनएफएस ४.१ मधले पीएनएफएस (पॅरलल एनएफएस) देणार असाल, तर अनेक डेटा सर्व्हरवरून थेट वाचन-लेखन होते हे आमच्या कॉम्प्युट नोडवर, आमच्यासमोर, आयओआर ही वाचन-लेखनाचा वेग मोजणारी चाचणी घेऊन दाखवावे. हे जमत नसेल तर यंत्रणा परत नेऊन भरलेली रक्कम परत करावी. तोवर स्वीकृती प्रमाणपत्रावर सही होणार नाही आणि शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. उत्तर १५ दिवसांत लेखी मिळावे, फोनवर नको.

कळावे,
प्रमुख, सर्व्हर व स्टोरेज विभाग

सोबत: खरेदी आदेशाची प्रत, पोर्टनिहाय वेगाचे आलेख