जबड्याच्या सांध्याची प्रतिमा वाचायला शिकवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

तुमच्याकडे मी आलो तेव्हा माझ्या हातात एक ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, होता आणि त्यावर ‘उजव्या सांध्याची झीज’ असे तीन शब्द लिहिलेले होते. झोपेत दात खाण्याची माझी सवय जुनी आहे. दाढांचे माथे घासून सपाट झाले आहेत, सकाळी जबडा आंबलेला असतो आणि जांभई देताना उजव्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो. आधी जिथे दाखवले तिथे ती प्रतिमा पाहताच शस्त्रक्रियेचा विषय निघाला होता, आणि त्यानंतर तुमच्याकडे येईपर्यंत तोंड पुरते उघडण्याचाही मला धीर होत नव्हता. त्या तीन शब्दांत किती तथ्य आहे हे तुम्ही उलगडून सांगितलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

प्रतिमेकडे वळण्याआधी तुम्ही मला तपासलेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तुम्ही मला तोंड सावकाश उघडायला लावलेत आणि पट्टीने अंतर मोजलेत. ते ४४ मिलिमीटर भरले. सांध्यावर दाबल्यावर काही झाले नाही, पण गालावरचा चावण्याचा स्नायू दाबताच मी कळवळलो. रोज सकाळी जाणवणारे दुखणे नेमके तेच होते. म्हणजे दुखत होता स्नायू, आणि मी घाबरलो होतो सांध्याला!

ओपीजीत सगळा जबडा एका सपाट पट्टीसारखा उलगडून दिसतो, त्यात सांधा तिरका आणि काहीसा विकृत येतो, आणि हाडांमधली कूर्चेची चकती तर मुळीच दिसत नाही, हे तुम्ही सांगितल्यावर त्या प्रतिमेवरचा माझा आंधळा विश्वास उतरला. हाडाची शंका फेडण्यासाठी केलेल्या सीबीसीटीत, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे तपासणीत, जबड्याच्या हाडाच्या सांध्यातल्या माथ्याचा वरचा भाग जरा चपटा आणि त्याखालचे हाड घट्ट झालेले दिसले. मात्र बाहेरची पांढरी रेघ कुठेही तुटलेली नव्हती, हाड कुरतडलेले नव्हते, नवी टोके फुटलेली नव्हती आणि आत पोकळीही नव्हती. जबड्याच्या सांध्याच्या विकारांच्या निदानासाठी असलेल्या २०१४ च्या डीसी/टीएमडी निकषांनुसार नुसता चपटेपणा आणि कडेचा घट्टपणा एवढ्यावरून सांध्याच्या झिजेचे निदान करता येत नाही, कारण वयामुळे किंवा पडणाऱ्या भाराशी जुळवून घेताना हाड असे बदलू शकते, आणि ती झिजेची सुरुवातही असू शकते. हा शेवटचा भाग तुम्ही लपवला नाहीत, म्हणूनच आधीच्या भागावर माझा विश्वास बसला.

चकती पाहण्यासाठी एमआरआय दोनदा काढला गेला, एकदा तोंड मिटून आणि एकदा दातांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा धरून, आवंढाही न गिळता. ती काही मिनिटे फार लांबली. पण नंतर पडद्यावर तुम्ही जे दाखवलेत ते मी विसरणार नाही. मधोमध बारीक झालेली, काळसर, डमरूसारखी ती चकती मिटल्या तोंडी माथ्यावर बसण्याऐवजी पुढे घसरलेली होती, आणि उघड्या तोंडाच्या प्रतिमेत माथा पुढे सरकून बरोबर त्या डमरूच्या कमरेखाली जाऊन बसला होता. वर्षानुवर्षे ऐकलेला ‘कट्’ हा चकती जागेवर येतानाचा आवाज होता. सांध्यात सूज दाखवणारे पांढरे पाणीही कुठे साचलेले नव्हते. कसलीही तक्रार नसलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांतही चकती अशी सरकलेली आढळते, हे ऐकून मला हसू आले. इतके दिवस मी उगाच स्वतःला अपवाद समजत होतो.

“मग हे दात खाल्ल्यामुळेच झाले ना?” असे मी विचारल्यावर तुम्ही सरळ ‘हो’ म्हणाला असतात तरी मी ते मानले असते. त्याऐवजी तुम्ही सांगितलेत, की दात खाणे या प्रतिमांत दिसतच नाही. त्याची खात्रीशीर नोंद झोपेतल्या स्नायूंच्या हालचाली टिपणाऱ्या तपासणीत होते, आणि चकती कशाने सरकली हे तिची जागा पाहून ठरवता येत नाही. दरवर्षी सीबीसीटी करण्याचा माझा उत्साहही तुम्ही आवरलात. तोंड कमी उघडू लागले, चावा बदलला किंवा सांधाच दुखू लागला तर पाहू, उगाच किरणांचा मारा कशाला, असे तुमचे म्हणणे होते.

मी रात्री दातांवर नाइट गार्ड, म्हणजे दात एकमेकांवर घासू न देणारे आवरण, घालतो. दिवसाही दात आवळलेले लक्षात आले की ते सोडतो, आणि ते दिवसातून किती वेळा लक्षात येते हे सांगायची मला लाज वाटते. सकाळचे दुखणे बरेच कमी झाले आहे, ‘कट्’ मात्र आहे तसाच आहे.

विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी माझ्या प्रतिमा वापरण्याची परवानगी तुम्ही मागितली होती, ती या पत्राने आनंदाने देत आहे. फक्त त्या डमरूशेजारी एवढी ओळ लिहावी: तोंड ४४ मिलिमीटर उघडते, सांधा दुखत नाही.

आपला कृतज्ञ,
एक दात खाणारा रुग्ण