पावसाळ्याचं काय?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू नोकरी सोडून मधमाशा पाळणार म्हणालीस, तेव्हा फोनवर मी नको ते बोललो. "तिसऱ्यांदा?" एवढंच म्हणालो, पण ज्या सुरात म्हणालो तो चुकला. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतीच बोलते आहे. राजीनाम्याबद्दल आता काही म्हणणार नाही. फक्त पावसाळ्याचं विचारायचं राहिलं.

फिजिओथेरपी, मग नकाशांचं काम, आता मधमाशा. माई आत्या याला धरसोड म्हणते. मला तसं वाटत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. कामकरी माशीचं आयुष्य कामाच्या दिवसांत जेमतेम दीड महिना. पहिले दोन-तीन दिवस ती पोळ्यातली घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, बारा-पंधरा दिवसांची झाली की मेण काढून पोळं बांधते, पुढे दारावर पहारा आणि तिसऱ्या आठवड्यानंतर बाहेर फुलांवर. हा क्रमही पक्का नाही. बाहेरच्या माशा मेल्या तर कोवळ्या वेळेआधी बाहेर पडतात आणि भरवणाऱ्या कमी पडल्या तर बाहेरच्यांतल्या काही परत अळ्यांपाशी येतात. सगळ्या एकाच कामाला चिकटल्या तर पेटी टिकायची नाही.

सातेरी, म्हणजे आपली पेटीत पाळायची देशी मधमाशी, साधारण किलोमीटरभरातच चरते. तेवढ्या वर्तुळात जांभूळ कुठे, हिरडा कुठे, हे तू नकाशावर रंगवून पाठवलंस. मी तो नकाशा तीनदा उघडून पाहिला. इथे पेटीची जागा अजून अंदाजानंच ठरते.

पण ही झाडं फुलतात उन्हाळ्यात. जून ते सप्टेंबर घाटावर माशीला बाहेर पडता येत नाही. नवे लोक मे महिन्यात सगळा मध काढून घेतात, तिथेच चुकतं. खायला नाही म्हणून राणी अंडी घालायची थांबते, माशा कमी होतात, रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो आणि सातेरी पेटी सोडून निघून जाते. म्हणून थोडा मध आत राहू दे. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक कर, थंड होऊ दे आणि संध्याकाळी पेटीच्या आतच ठेव. बाहेर सांडला तर शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटायला येतात. माशांनी झाकलेली नसतील ती पोळी काढून टाक, दर आठ दिवसांनी तळपाट साफ कर. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी हवंच, नाहीतर मुंग्या चढतात.

आणि तुझा स्वतःचा पावसाळा? सातेरीच्या पेटीला चांगल्या जागी वर्षाला पाच-सात किलो मध धर. वीस पेट्या म्हणजे शंभर ते एकशेचाळीस किलो, तोही बहुतेक दोन महिन्यांत येणार. सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेव, त्यातून पेट्या घेऊ नकोस. पीएफ काढू नकोस. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तुझी तेवढी झाली नाही, तर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घे. उद्या पुन्हा नोकरी धरलीस तर मागची वर्षं त्यात धरली जातील. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून शेवटच्या दिवसाच्या महिना-दीड महिना आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज कर. अगदी नवी पॉलिसी घेतलीस तर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही.

पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर.

तबल्याला जायचीस तेव्हाची गोष्ट. आजोबांच्या मधमाशांच्या पेटीला कान लावून तू म्हणालीस, "आज आवाज वेगळा येतोय." आजोबा हसले, पण संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली. राणी नव्हती. बिनराणीच्या पेटीची गुणगुण लांबते, रडवेली होते. तुला तेव्हा हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तबला वर्षभरानं सुटला तेव्हा आम्ही तुला बोललो होतो, आणि मीच जास्त बोललो होतो.

आजोबांच्या दोन पेट्या माळ्यावरून खाली काढल्यात. एकीचा तळपाट कुजलाय, तो नवा करून घेतो. चौकटी नीट आहेत. आई म्हणते दसऱ्याला ये. त्याआधी किती साखर लागेल ते कळव, मी इथून भरून ठेवतो.

तुझा,
बाबा