पावसात अडून बसणारी गाडी सुरू करून देणाऱ्या मेस्त्रींस आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

माझी जुनी शंभर सीसीची मोटारसायकल आपण आषाढात दुरुस्त करून दिलीत. त्यानंतर श्रावण सरला, भाद्रपदही निम्मा झाला आणि ती एकाही ओल्या सकाळी अडून बसलेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. समोर येऊन आभार मानू लागलो की आपण ‘गाडी चालते ना, मग झालं’ म्हणून पुढच्या गाडीकडे वळता, तेव्हा लिहूनच सांगणे बरे. ते चारचौघांनी वाचावे असे लिहिणे अधिक बरे, कारण कोकणात आणि घाटमाथ्यावर कितीतरी जण पावसाळ्यात याच दुखण्याने हैराण झालेले असतात.

आंबोलीचा पाऊस आपल्याला सांगायला नको. सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आमच्या या गावात जून ते सप्टेंबर ढग थेट पडवीत शिरतात आणि गाडी छपराखाली उभी केली तरी तिच्यावर ओल धरायची राहत नाही. गाडीची तऱ्हा ठरलेली होती: ऊन पडले की पहिल्या किकला सुरू, धुके दाटले की पाय भरून येईपर्यंत किक मारूनही नुसती फुरफुर. आपल्याकडे येण्यापूर्वी जिथे जिथे ती दाखवली तिथे ठिणगी पाडणारा प्लग बदलला गेला, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर धुतला गेला आणि एके ठिकाणी तर नवी बॅटरी घालावी लागेल असेही सांगण्यात आले. वास्तविक या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोतून येते, बॅटरीतून नव्हे. बॅटरी संपली तर हॉर्न आणि इंडिकेटर बसतील, किकने गाडी सुरू व्हायला अडचण नाही.

आपण मात्र पान्याला हात लावण्याआधी दोनच गोष्टी विचारल्यात. गाडी पावसात चालता चालता बंद पडते की रात्रभर उभी राहिल्यावर सुरू होत नाही, आणि दुपारी ऊन लागल्यावर काही न करता आपोआप सुरू होते का. उत्तरे ऐकून आपण शेडचे शटर ओढलेत, दिवा मालवलात, कुंड्यांवर पाणी फवारायच्या बाटलीतून प्लग कॅपवर, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपणावर, आणि विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलकडून येणाऱ्या जाड वायरवर बारीक फवारा मारलात आणि मला किक मारायला सांगितलेत. कॅपच्या मानेवरून हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या, पात्यांपर्यंत निळसर वीज तडतडत उडताना दिसली! करंट प्लगपर्यंत पोचतच नव्हता, वाटेतच गळत होता. ‘हात लांब ठेवा, झटका बसेल’ हे आपण किक मारण्याआधीच बजावले होते, तेही इथे नोंदवतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी घरी हा प्रयोग करणारच.

माझ्या मनातली शंकाही आपणच फेडलीत. प्लग बाहेर काढून, हेडला टेकवून किक मारली की ठिणगी स्वच्छ दिसत असे आणि त्यामुळे प्रत्येक जण ‘करंट चांगला आहे’ असे सांगून मोकळा होत असे. पण मोकळ्या हवेत प्लगची फट ओलांडणे सोपे असते. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त दाबाची वीज लागते, आणि तेव्हा कॅपवर ओल असेल तर वीज प्लगचा अवघड रस्ता सोडून ओल्या तड्यातला सोपा रस्ता धरते. बाहेर दिसणारी ठिणगी खरी असूनही निदान चुकते ते यामुळे. जुनी कॅप आपण माझ्या हातात दिलीत तेव्हा तिच्या आतल्या बाजूला केसाइतकी काळी रेघ दिसली. वीज वारंवार त्याच वाटेने गेल्याने तिथे कोळसा धरला होता. ओल उडवणारा स्प्रे मारून अशी कॅप एखादा दिवस चालेल, पण ती रेघ पुसली जात नाही, म्हणून कॅप बदलण्याला पर्याय नव्हता.

बदललीत तीही एवढी एकच वस्तू. वायरचे टोक आत हिरवे पडले होते, ते अर्धा सेंटिमीटर कापून, स्वच्छ तांबे लागल्यावर नवी कॅप त्यावर पिळून बसवलीत आणि तिच्या रबराला आतून सिलिकॉन ग्रीस लावलेत. प्लगच्या खळग्यातले पाणी वाहून जावे म्हणून हेडला ठेवलेले बारीक भोक चिखलाने बुजले होते, ते तारेने मोकळे केलेत. पुढच्या चाकाचे पाणी इंजिनावर उडू नये म्हणून मडगार्डला जुन्या ट्यूबचा तुकडा जोडलात. मला सर्वांत आवडले ते हेच, कारण त्याचे बिल कोणी लावत नाही.

कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून आपण थोडे पेट्रोल काचेच्या ग्लासात घेतलेत, तेव्हा तळाशी पाण्याचे मणी जमलेले दिसले. टाकीच्या झाकणाभोवतालचे पाणी खाली नेणारी नळी तुंबली होती आणि झाकणाचे रबर कडक झाले होते. पाणी तिथून उतरत होते. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते थोडे पाणी पोटात घेते, पण पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉलसकट वेगळे होऊन तळाला बसते, आणि गाडी रिझर्व्हला लागली की नेमके तेच इंजिनात जाते. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी हा आपला सल्ला मी तेव्हापासून पाळतो आहे.

किक मारूनही गाडी सुरू न होता पेट्रोलचा वास येऊ लागला की पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा चोक आणखी ओढायचा नाही, उलट तो बंद करून, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडून किक मारायची, हेही आपण सांगितलेत. आमच्या गल्लीत आता ते सर्वांना पाठ आहे.

टाकीच्या झाकणाचे नवे रबर आपण मागवले होते. ते आले असल्यास निरोप द्यावा. बाजारच्या दिवशी खाली उतरेन तेव्हा बसवून घेईन.

आपला कृतज्ञ,
आंबोलीचा एक गाडीवाला