काकींची सहा अंडी

वेंगुर्ले,
२१ जुलै

प्रिय सदा,

तुझ्या आई, माझ्या काकी, गेल्या त्याला दहा महिने झाले. या दहा महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, फोन केला नाही. स्मशानात तुझ्या बाजूला उभा होतो, तेराव्याला पंगतीत वाढलं आणि घरी आलो. तुझ्याशी बोललो ते "गाडी किती वाजता?" एवढंच. नंतर रोज वाटायचं, नीट काहीतरी लिहावं. नीट सुचेना, म्हणून लिहिलंच नाही. रागावला असशील तर तो तुझा हक्कच आहे. पण काल सकाळी आमच्या घरात जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? हिला फोनवर सांगितलं तर ती हसली आणि "बरं झालं" म्हणाली. तिला त्यातलं काय कळणार!

आम्ही सगळे बरे आहोत. माझी शुगर आहे तिथेच आहे, आईचे गुडघे पावसात दुखायचे तसे दुखतात.

ही बहिणीच्या बाळंतपणाला कुडाळला गेली आहे. दोन आठवडे पोरं आणि मी. मासळी नाही, मासेमारीची बंदी उठायला अजून दहा दिवस. सुक्या बांगड्याला पोरं विटली आणि शुक्रवारी श्रावण लागतो. म्हणून शनिवारी रात्री बंड्याने जाहीर केलं, "उद्या अंडं आणि टोस्ट. आणि ते आम्ही करणार. बाबांनी नुसता गॅस पेटवायचा." शेजारून सहा गावठी अंडी आणली. पाववाला नेमका आला नव्हता, म्हणून ब्रेड. हसू नकोस. पावापुढे ब्रेड म्हणजे कापूस, हे तुझं म्हणणं मला आजही मान्य आहे.

पण आधी चिऊचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

सदा, मला त्या पोरीची फार काळजी वाटते. नऊ वर्षांची आहे. चित्र काढायला बसली की पट्टीशिवाय रेघ मारत नाही आणि रेघ जरा हलली की खोडत बसते, कागद फाटेपर्यंत. गेल्या महिन्यात वक्तृत्वाला नाव दिलं होतं. आदल्या रात्री घरी म्हणून दाखवताना एक वाक्य विसरली, तर सकाळी ताप आला म्हणून झोपून राहिली. ताप नव्हता. सायकल आठ महिने पडवीत उभी आहे, कारण पहिल्या दिवशी बंड्या तिच्याआधी शिकला. तिच्या बाई म्हणतात, "किती टापटीप मुलगी आहे!" मला ते ऐकून धस्स होतं. मी नववीच्या वर्गावर रोज बघतो ना. ज्या मुलाला काहीच येत नाही तो पेपरात काहीबाही लिहून येतो, एखादा मार्क तरी मिळवतो. आणि ज्याला अर्धं येतं तो कोरं सोडतो. का सोडलंस विचारलं की म्हणतो, "सर, चुकलं असतं." चिऊ मोठी होऊन असं कोरं सोडत जाईल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, बक्षीस लावून पाहिलं. बक्षीस लावल्यावर तर ती जास्तच घाबरली.

हिला वाटतं मी उगाच ताणतो, मोठी झाली की सुटेल. पण कोणाचं सुटलं, कसं सुटलं, हे तुला आणि मला माहीत आहे.

तर काल सकाळी मागच्या पडवीत आमच्या शेगडीवर मांडामांड केली. ही लग्न होऊन आली तेव्हापासून मासळी-अंडं तिथेच, आईची चूल वेगळी, हे तुला माहीतच आहे. पण पाऊस असा तिरका आला की शेगडी पेटेना. बर्नरवर पाणी. समुद्राचा आवाज इतका की मी ओरडून बोलत होतो. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "आत या. पोरं भिजतील."

आत म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात! अंडी घेऊन! मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "ऐकू आलं ना?" आणि जपमाळ घेऊन दारात पाटावर बसली.

आधी पोरांना हात धुवायला लावले, मग अंडी पातेल्यातल्या पाण्यात सोडायला सांगितली. काकी बघायच्या तशीच. पाच तळाशी आडवी निजली, एक टोकावर उभं राहिलं. बंड्या म्हणाला, "हा पोलीस!" मग मी सांगितलं, कवचाला बारीक बारीक छिद्रं असतात, तिथून आतलं पाणी हळूहळू उडून जातं, रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून जुनं अंडं उभं राहतं आणि फारच जुनं झालं की तरंगतं. पोलीस बाजूला ठेवला. बंड्याने पहिलं अंडं ओट्यावर आपटलं, वाटीत ओतलं, आत टरफलाचे तीन तुकडे. फुटलेल्या कवचाच्या अर्ध्या भागाने ते तुकडे काढायचे, चमच्याने काढायला गेलं की नुसते पळतात. हेही काकींचंच. तो खूश.

चिऊ भिंतीला टेकून उभी. हात पाठीमागे.

"मला नाही येत."

"म्हणून तर शिकायचं."

"माझ्या हातून फुटेल."

सदा, अंडं! अंडं फुटेल म्हणून घाबरली पोर! आणि मला तुमच्या चुलीपुढचा मी दिसलो. तिसरीतला. हेच शब्द, हेच पाठीमागचे हात. तू फाटकन दोन अंडी फोडून मोकळा झाला होतास आणि मी रडत होतो. काकी उठल्या, खुडूक कोंबडीखाली ठेवायला सुपात काढून ठेवलेली अंडी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. त्या वेळी मला काय कळणार? २१ दिवसांनी त्यांची पिल्लं झाली असती, वर्षभराने कोंबड्या, बाजारात पैसे. "फोड," म्हणाल्या. "रडतंस कित्याक? फुटला तर फुटला. कोंबडी परत घालतली." पहिलं माझ्या मांडीवर सांडलं. दुसरं राखेत. तिसऱ्यात टरफल. पाचवं मनाजोगतं, पण बलक फुटला. सहावं अख्खं वाटीत पडलं, पिवळंधमक, हलत होतं. त्यानंतर मी शाळेत हात वर करायला लागलो, हे तूच मला दहावीत असताना सांगितलं होतंस.

सहाच होती हां. तू आठ म्हणतोस. तीस वर्षं भांडतोयस, पण सुपातली सहाच. तू स्वतः फोडलेली दोन त्यात मोजतोस.

मी चिऊच्या हातात अंडं दिलं. तिने इतक्या हलक्या हाताने टेकवलं की तडाही गेला नाही. मग जोरात. अख्खं अंडं ओट्यावरून घरंगळत खाली, आईच्या लादीवर. पांढरं पसरत थेट पाटापर्यंत गेलं. चिऊने माझ्याकडे पाहिलं, ओठ थरथरायला लागले आणि मला एक शब्द सुचेना. तेवढ्यात आई म्हणाली,

"फुटू दे ग. त्या काय म्हणायच्या? कोंबडी परत घालतली."

सदा, माझ्या अंगावर काटा आला. मी आईकडे बघतच राहिलो. तिने जपमाळ खाली ठेवली, फडकं घेतलं आणि स्वतःच्या हाताने ते अंडं पुसलं. माझ्या आईने! पुसता पुसता सांगत होती. त्या दिवशी ती मला बोलवायला तुमच्या मागच्या दारी आली होती. मी धुरात बसलेला, मांडीवर अंडं. "तू रडायचा थांबलास, म्हणून मी तशीच मागे फिरले. घरी कोणाला बोलले नाही."

आणि आपण काय समजत होतो! पेरूची पानं चघळून, विहिरीवर तोंड धुऊन, शर्ट उलटा घालून यायचो. ती म्हणाली, "अंड्याचा वास पेरूने जातो होय रे? चार वर्षं वास येत होता तुझ्या शर्टाला." मग म्हणाली, "दर मे महिन्यात त्यांच्याकडे आमसुलं कशाला पाठवत होते मी?"

तुला आठवतो तो पितळी डबा? तूच न्यायचास. आणि तो कधी रिकामा परत आला नाही, ओले काजूगर भरून यायचे. मला वाटायचं शेजारधर्म. तुला वाटायचं तुमची काजू जास्त झाली. दोघींनी एकमेकींना याबद्दल चकार शब्द काढला नाही म्हणे, आयुष्यभर.

मी मान फिरवून तवा तापवायला लागलो. पोरांसमोर डोळे पुसायचे नव्हते.

चिऊने दुसरं अंडं फोडलं, टरफल पडलं. तिसऱ्याचा बलक फुटला. चौथं तव्यावर अख्खं गेलं. आच मंद, बाजूला चार थेंब पाणी आणि वर झाकण, म्हणजे वरूनही शिजतं. पांढरं आधी आवळतं, बलक मागून, कारण त्याला जास्त उष्णता लागते. बलकावर पातळ पांढरी साय येईपर्यंत तिने पाच वेळा झाकण उचललं. मी काही बोललो नाही. टोस्ट दुसऱ्या तव्यावर, लोणी लावून, वर वाटी दाबून. एक बाजू करपली. बंड्याने करपलेलाच मागून घेतला, कुरकुरीत लागतो म्हणून. आईने लोण्याचा साधा टोस्ट खाल्ला आणि चिऊच्या ताटलीकडे बघत म्हणाली, "गोल आलंय हो."

चिऊने ते खाल्लं नाही. एक तास नुसतं बघत बसली, मग गार झालेलं बंड्याबरोबर वाटून खाल्लं. संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा पडवीतली सायकल अंगणात होती. चालवली नाही, नुसती पुसत होती. मी आतूनच पाहिलं.

तुझं कसं चाललंय? मोठीचा प्रवेश झाला का, कुठे मिळाला ते कळव. नव्या जागेत पाणी येतं का? वहिनींचा खांदा कसा आहे? तुझ्या कुंपणातली वेंगुर्ला-४ काजूची दोन्ही कलमं धरली आहेत, मागच्या आठवड्यात बघून आलो. घराची कौलं दोन ठिकाणी सरकली होती, ती बसवून घेतली. पैशांचं बोलू नकोस.

एकच विचारायचं आहे आणि त्यासाठीच एवढं लिहिलं. काकी तुला कधी काही बोलल्या का? आमसुलांबद्दल, आईबद्दल, त्या दिवशी मागच्या दारी कोणी उभं होतं त्याबद्दल? त्यांनी आईला पाहिलं होतं का? आईला ते फार जाणून घ्यायचं आहे. रात्री दोनदा म्हणाली, "सदाला विचार." मला माझ्यासाठीही हवं आहे. मी काकींना कधी काही सांगितलं नाही, त्या असताना नाही आणि गेल्यावर तुझ्याजवळही नाही.

गणपतीला येशील ना? येताना घर उघडशील तेव्हा त्यांचं घावणाचं बिडं, तो जाड लोखंडी तवा, शोध. माळ्यावर असेल, कोपऱ्यात टवका उडालेलं. गंजलं असलं तरी टाकू नकोस, मी घासतो. गणपती गेले की चिऊ तुला अंडं करून घालणार आहे, तिने स्वतः सांगितलंय. पाववाल्याला मी आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
विनू

ता. क. पोलीस वाटीत फोडून पाहिला. बलक चपटा होता, पण वास नव्हता. मांजराला घातला.